एका गृहप्रमुखांना अनावृत आभारपत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आपण निवृत्त झालात, तरी आमच्या सुधारगृहातले पाळीपत्रक आजही आपण घालून दिलेल्या नियमानेच लागते: एका गृहाची, म्हणजे मुलांच्या एका निवासी गटाची, कर्मचारी माणसे त्याच गृहात राहतील, दुसरीकडे माणूस कमी पडला म्हणून त्यांना उचलले जाणार नाही. यासाठी आपले जाहीर आभार मानावेत, असे फार दिवस मनात होते.

गृहपद्धती म्हणजे मुलांची गटवारी, एवढीच माझी समजूत होती. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या बोर्स्टल गावी १९०२ साली सुरू झालेल्या, तरुण गुन्हेगारांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवून सुधारण्याच्या प्रयोगाची, त्याला कायदेशीर रूप देणाऱ्या १९०८ च्या कायद्याची आणि १९२२ साली तुरुंग आयुक्त झालेल्या अलेक्झांडर पॅटरसन यांच्या कामाची ओळख आपण करून दिलीत. निवासी शाळांच्या धर्तीवर त्यांनी प्रत्येक गृहाला प्रमुख व मेट्रन (मुलांची देखभाल पाहणारी बाई) दिली, कर्मचाऱ्यांचा गणवेश उतरवून त्यांना साध्या कपड्यांत मुलांमध्ये मिसळायला लावले. १९३० मध्ये फेल्टमच्या बोर्स्टल संस्थेतून लाउडम ग्रेंज इथल्या नव्या संस्थेच्या जागेपर्यंत मुले आणि कर्मचारी बरोबरीने पायी गेले, ते परस्परांना ओळखत होते म्हणूनच, असे आपण म्हणत असा, आणि मला ते पूर्ण पटते.

संख्याबळ कागदावर पुरेसे दिसते. पण रोज नवा चेहरा समोर आला, तर मूल कोणापाशी मन मोकळे करणार? म्हणून पाळी बदलताना नोंदवही नुसती सही करून पुढे सरकवायची नाही, प्रत्येक मुलाबद्दल नाव घेऊन बोलायचे, हा आपला आग्रह होता. आपल्या हातची एक नोंद मी जपून ठेवली आहे: ‘आईचा फोन आला नाही. जेवण अर्धे टाकले. रात्री विषय काढू नये, जवळपास असावे.’ त्या तीन ओळींमुळे रात्रपाळीच्या माणसाने त्या मुलाला जेवणावरून हटकले नाही, आणि एरवी भांडणात गेली असती ती रात्र शांतपणे पार पडली.

कर्मचाऱ्यांचीही आपण तितकीच काळजी घेतलीत. सलग दोन पाळ्या केलेला माणूस मुलांवर ओरडतोच, हे ओळखून आपण वरिष्ठांशी वाद घातलात, बदली माणूस मिळेपर्यंत स्वतः रात्री थांबलात.

सध्या नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांना आम्ही एकाच गृहात ठेवले आहे आणि पहिल्या दिवसापासून नोंदवही त्यांच्या हाती दिली आहे.

आपला कृतज्ञ,
एक गृहसहायक