सुई कोण टोचणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फाशीऐवजी विषारी इंजेक्शन द्यावं, अशा मागणीची तीन पत्रं गेल्या पंधरवड्यात आपल्या अंकात आली. त्यातल्या एकात लिहिलं होतं, 'माणूस शांत झोपी जातो, त्याला काही कळतही नाही.' या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी इंदुरात एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. ज्या औषधानं माणूस 'शांत झोपी जातो' ते थायोपेंटल. आम्ही पेंटोथाल म्हणायचो. फिकट पिवळी पूड, अर्ध्या ग्रॅमची बाटली, त्यात वीस मिली डिस्टिल्ड वॉटर घालून हलवायचं. भूल देणारे डॉक्टर ते शिरेत सोडत असताना मी पेशंटला नाव विचारायची, गाव विचारायची. 'सिस्टर, तोंडात लसणासारखं लागतंय,' असं पुष्कळ जण म्हणायचे आणि पुढचं वाक्य अर्ध्यावरच राहायचं. त्यामुळे पत्रलेखक म्हणतात तशी झोप लागते, हे खरं आहे. पण त्यासाठी सुई शिरेत असावी लागते.

शीर सापडणं ही सोपी गोष्ट नाही. मधुमेह असलेले, खूप लठ्ठ, पाणी कमी झालेले, घाबरून हातपाय गार पडलेले, अशांची शीर बोटाला लागत नाही. एकदा एका आजोबांच्या हातातली सुई सरकली. चिकटपट्टी मी लावली होती आणि ती सैल राहिली, म्हणजे चूक माझी. चार-पाच मिली औषध कातडीखाली गेलं आणि आजोबा ओरडले. हे औषध शिरेबाहेर गेलं की मांस जाळतं. दोन दिवसांनी तिथली कातडी काळी पडली. पुढे तीन आठवडे त्यांचं ड्रेसिंग मीच केलं. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत.

अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये २९ एप्रिल २०१४ रोजी क्लेटन लॉकेट नावाच्या कैद्याच्या बाबतीत हेच झालं. हातापायांत शीर मिळेना, म्हणून सुई जांघेत घातली आणि त्यावर चादर टाकली. औषध शिरेत न जाता आजूबाजूच्या मांसात गेलं. तो कण्हायला, उठायला लागला, तेव्हा साक्षीदारांसमोरचा पडदा ओढला गेला. औषध सुरू केल्यापासून मरेपर्यंत त्रेचाळीस मिनिटं गेली. त्याचा गुन्हा भयंकर होता, एका कोवळ्या मुलीला त्यानं गोळ्या घालून जिवंत पुरलं होतं. पण आपण इथे बोलतो आहोत ते 'शांत झोपे'बद्दल. २००९ साली ओहायोमध्ये तर दोन तास शीर शोधून शेवटी कैद्याला कोठडीत परत पाठवलं.

आता दुसऱ्या औषधाबद्दल. मूळ पद्धतीत तीन औषधं होती. पहिलं भुलीचं, दुसरं पॅनक्युरोनियम, तिसरं पोटॅशियम क्लोराइड. पॅनक्युरोनियमनं स्नायू लुळे पडतात. डोळा उघडत नाही, बोट हलत नाही, श्वासही घेता येत नाही. वेदना मात्र त्यानं जराही कमी होत नाही. भूल उतरली असेल तर माणूस आत जागा असतो आणि बाहेरून झोपलेला दिसतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सिझेरियनला मी होते. ऑपरेशनच्या वेळीही स्नायू लुळे पाडणारं औषध देतात, आणि बाळाला बाधू नये म्हणून त्या काळी सुरुवातीला भूल हलकीच ठेवायचे. ऑपरेशन चालू असताना बाईंच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं. मी ते गॉजनं टिपलं आणि कामाला लागले. तिसऱ्या दिवशी टेंपरेचर घ्यायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, 'सिस्टर, तुम्ही आयाबाईंना विचारलंत ना, आज नर्मदेचं पाणी येणार का?' मी विचारलं होतं. टाके घालायच्या कितीतरी आधी विचारलं होतं. त्यांना पोट कापलेलं कळत होतं, मुलगी झाल्याचं ऐकू आलं होतं, ओरडायचं होतं, आणि ओठ हलत नव्हता. डोळ्यातून आलेलं ते पाणी ही एकच खूण होती आणि मी ती पुसून टाकली होती.

तिसरं औषध पोटॅशियम, हृदय बंद पाडणारं. वॉर्डात त्याची अँप्यूल सलाईनच्या बाटलीत मिसळूनच द्यायची, सरळ शिरेत कधीच नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलींकडून आम्ही पाठ करून घ्यायचो. इतकं पातळ करूनही पेशंट हात भाजतोय म्हणून तक्रार करतात. लुळ्या पडलेल्या माणसाला ते न मिसळता दिलं, तर तो तक्रार कशी करणार?

ही पद्धत १९७७ साली ओक्लाहोमामध्ये जे चॅपमन यांनी सुचवली. ते सरकारी शवचिकित्सक होते, भूलतज्ज्ञ नव्हते. १९८२ च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली. पाहणाऱ्याला काही भयंकर दिसत नाही, हा तिचा मोठा गुण. तो गुण पाहणाऱ्याच्या सोयीचा आहे, मरणाऱ्याच्या नाही.

फाशी सोपी असते असं मी म्हणत नाही. वजन पाहून दोराची लांबी ठरवावी लागते आणि हिशेब चुकला तर मान मोडण्याऐवजी माणूस गुदमरतो. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत घटनेला धरून असल्याचं म्हटलं, २००३ साली विधी आयोगानं इंजेक्शनचा पर्याय सुचवला, आणि २०१७ सालच्या याचिकेमुळे हा विषय पुन्हा न्यायालयापुढे आला. कायद्याचं ते बघतील.

लोकांच्या मताबद्दल मात्र बोलायचं आहे. एप्रिल २०१८ मध्ये इथे इंदुरात राजवाड्याजवळ आई-वडिलांशेजारी झोपलेल्या तान्ह्या मुलीला उचलून नेऊन मारलं गेलं. तीन-साडेतीन आठवड्यांत निकाल लागून फाशी सुनावली गेली. तेव्हा आमच्या रामबागेत ओटल्याओटल्यावर लोक म्हणत होते की फाशी कमीच आहे, राजवाड्यासमोर लटकवा. मीही म्हटलं होतं, आणि तो संताप खोटा नव्हता. त्या दिवसांत वेदना न होणाऱ्या शिक्षेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आज राग निवल्यावर तीच माणसं इंजेक्शन मागत आहेत. त्रास कमी व्हावा ही त्यांची इच्छाही खरी आहे. फक्त तो त्रास इंजेक्शननं कमी होतो, असं त्यांनी गृहीत धरलं आहे.

आणि सुई कोणी टोचायची, हे कोणीच लिहीत नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेनं १९८१ सालीच डॉक्टरांनी यात भाग घेणं अनैतिक ठरवलं आहे. परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचीही हीच भूमिका आहे. आम्ही दिवा हातात घेऊन शपथ घेतली, तिच्यात अपायकारक औषध जाणूनबुजून कोणाला देणार नाही, असं स्पष्ट आहे. २०११ साली अमेरिकी कंपनीनं थायोपेंटल बनवणं सोडलं. आपलं औषध तिथल्या तुरुंगात कशासाठी जातं हे कळल्यावर मुंबईच्या एका कंपनीनंही त्याच वर्षी ते पाठवणं बंद केलं. औषध विकणाऱ्यालाही ते नको वाटलं.

माझी भाची इथल्याच एका सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. परवा तिला विचारलं, उद्या तुझी ड्यूटी तिथे लावली तर? ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'मावशी, लेखी ऑर्डर आली तर नाही कशी म्हणू? सस्पेंड करतील.'

पत्रलेखकांना आणि कायदा करणाऱ्यांना माझी विनंती आहे. इंजेक्शनचा विचार करायचाच असेल, तर डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांपैकी कोणालाही या कामाला लावता येणार नाही, हे कलम आधी लिहा. त्यानंतर शीर कोण शोधणार, ते आपल्या याच सदरात कळवावं. मी वाचेन.

आपली,
एक निवृत्त थिएटर सिस्टर
रामबाग, इंदूर