पिवळ्या पाट्या बघत ल्योंमध्ये शिरताना

ती. आई-बाबा,
सा. न.

शांबेरीहून भाड्याच्या गाडीने ल्योंला येताय म्हणून हे सविस्तर लिहितेय. शहरात ठिकठिकाणी खोदकाम चालू आहे. गल्ली सकाळी बंद होते आणि फोनच्या नकाशाला ते बऱ्याच उशिरा कळतं. म्हणून बाबा, नकाशा आणि रस्त्यावरची पिवळी पाटी यांचं पटेनासं झालं, तर पाटीचंच ऐका.

फ्रान्समध्ये कामाच्या तात्पुरत्या इशारा-पाट्यांची पार्श्वभूमी पिवळी असते. रस्त्यावर पिवळे पट्टे मारलेले असतील तर ते असेपर्यंत जुने पांढरे पट्टे नाहीतच असं समजा. पाटीवर 'रूत बारे' किंवा 'रू बारे' म्हणजे रस्ता बंद. शेजारी अंतर लिहिलेलं असेल, समजा ३०० मीटर, तर तिथपर्यंत जाता येतं, पुढे नाही. 'सोफ रिव्हरें' म्हणजे फक्त तिथल्या रहिवाशांना वाट. तुम्ही त्यात शिरू नका, शेवटी गाडी मागे घ्यावी लागेल. वळसा दाखवणाऱ्या बाणावर 'देव्हिआसियों' असतं. अक्षरं इंग्रजी 'डेव्हिएशन'सारखीच, ओळखू येतील. वळायचं असतं तिथे बाण असतो. चौकात बाण दिसला नाही तर सरळच जायचं, आणि 'फँ द देव्हिआसियों' ही वळसा संपल्याची पाटी येईपर्यंत फोनने सुचवलेला जवळचा रस्ता घ्यायचा नाही. तो बहुतेक वेळा त्याच बंद रस्त्यावर नेऊन सोडतो.

एकाच पदरातून (लेनमधून) आळीपाळीने गाड्या सोडतात तिथे गोंधळ होतो, म्हणून हे नीट वाचा. लाल कडा असलेल्या गोल पाटीवर वर जाणारा बाण लाल आणि खाली येणारा काळा असेल, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. निळ्या चौकोनी पाटीवर वर जाणारा बाण पांढरा असेल, तर हक्क तुमचा. तरीही समोरची गाडी अरुंद भागात आधीच शिरली असेल तर थांबा. माणूस गोल फलक धरून उभा असेल तर हिरवी बाजू म्हणजे जा, लाल म्हणजे थांबा. कामावरच्या तात्पुरत्या सिग्नलला हिरव्याच्या जागी बऱ्याचदा लुकलुकणारा पिवळा दिवा असतो. तो दिसला की निघायचं, पण हळू.

नेहमीचा सिग्नल बंद असेल किंवा नुसता पिवळा लुकलुकत असेल, तर त्याच खांबावरची छोटी पाटी बघा. पिवळा चौकोन टोकावर उभा असेल तर तुमचा रस्ता मुख्य. उलटा त्रिकोण असेल तर आडव्या रस्त्यावरच्यांना आधी जाऊ द्यायचं. काहीच नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग त्याची गल्ली कितीही छोटी असो. आपल्याकडच्या सवयीने इथे चूक होण्याची भीती मला सगळ्यात जास्त वाटते.

३० मार्च २०२२ पासून ल्योंमध्ये बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० किमी आहे. अशा भागांतल्या एकदिशा गल्ल्यांमध्ये सायकलवाले समोरून येतात, आणि ते नियमातच बसतं. वळशामुळे अनोळखी गल्लीत शिरलात तर हे विसरू नका. ट्रामला नेहमीच आधी जाऊ द्यायचं. बसच्या पदरात शिरल्यास १३५ युरो दंड. चालकाने फोन हातात धरला, अगदी सिग्नलला थांबून धरला, तरी तेवढाच. म्हणून फोन आईकडे. तिने पुढचं वळण वाचायचं, बाबांनी फक्त पाट्या बघायच्या.

रोन आणि सोन या नद्यांमधल्या प्रेस्क-इल भागात गाडी आणूच नका. जून २०२५ पासून तिथे मर्यादित वाहतुकीचं क्षेत्र आहे आणि तोंडाशी वर-खाली होणारे खांब आहेत. पुढच्या गाडीच्या मागोमाग घुसलात तर खांब वर येऊन गाडीला लागेल. त्यापेक्षा शहराच्या कडेला पार्क-रले, म्हणजे मेट्रोला लागून वाहनतळ असतं, तिथे गाडी लावा. शांबेरीकडून येताना वेनिसियू स्टेशनचं सोयीचं पडेल. तिथून मेट्रो 'डी' थेट प्रेस्क-इलमधल्या बेलकूर चौकात येते. आई, जिने टाळण्यासाठी लिफ्टची खूण बघ.

गाडी रस्त्यावर लावावीच लागली तर खांबाला बांधलेला कागद वाचा. त्यावर कोणत्या तारखांना काम आहे ते असतं, आणि त्या दिवशी गाडी उचलून नेतात. आज रिकामी दिसणारी जागा उद्याच्या कामासाठी राखलेली असू शकते.

बाबा, आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून आत्ताच काढा. तो एक वर्ष चालतो, पण मूळ लायसन्सही सोबत लागतं. निघण्याआधी गाडी कोणती आणि ती परत कुठे द्यायची ते मला कळवा, म्हणजे त्या दिवसाचे बंद रस्ते बघून मी मार्ग लिहून पाठवेन.

तुमची,
लेक