उंट शिखरापर्यंत जात नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इजिप्तच्या सहलींची पत्रके आता कोल्हापुरातही घरोघरी पोचतात. त्यांत सिनाई पर्वतावरचा सूर्योदय ‘रात्री उंटावरून शिखर’ एवढ्या एका ओळीत उरकलेला असतो. साठी ओलांडलेली मंडळी तेवढ्यावर विसंबून पैसे भरतात.

मुसांना (मोझेसना) देवाच्या आज्ञा इथे मिळाल्या, अशी श्रद्धा असलेला हा सिनाई पर्वत, म्हणजेच जबल मुसा, 2,285 मीटर उंच आहे. पायथ्याच्या सेंट कॅथरिन मठापासून चढ सातशे मीटरच्या घरात जातो. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा जेमतेम चारशे मीटर उंच, तोही आपण गाडीने चढतो! उंटांची वाट रुंद, नागमोडी, अडीच-तीन तासांची. पण ती शिखराच्या खाली संपते. पुढच्या सुमारे 750 पायऱ्या ज्याच्या त्यानेच चढायच्या. त्या घडीव नाहीत. ओबडधोबड दगड, एक चार बोटे उंच तर दुसरा दीड वीत. एवढे पत्रकात छापायला किती जागा लागते?

वाळवंट म्हटल्यावर लोक गरम कपडे घेत नाहीत. हिवाळ्यात तिथे रात्री पारा शून्याखाली जातो, बर्फही पडतो. उलट जे सगळे अंगावर चढवून निघतात, त्यांचे बनियन घामाने भिजते आणि वर सूर्याची वाट बघत वाऱ्यात बसल्यावर तेच अंगाला चिकटून हुडहुडी भरवते. चढताना कपडे कमीच ठेवावेत. कोरडे बनियन पिशवीत असू द्यावे, वर पोचताच बदलून मग जाकीट, कानटोपी घालावी. पाणी माणशी दोन लिटर. कोरड्या हवेत घाम गेलेला कळत नाही.

बॅटरी कपाळावर बांधायची घ्यावी, हात मोकळे राहतात. उंटाच्या पावलांचा आवाज होत नाही, अंधारात तो एकदम पाठीशी येतो. त्याला वाट देताना डोंगराच्या अंगाला सरकावे, दरीकडे नव्हे. भाडे बसण्याआधीच ठरवावे, एका वाटेचे की परतीचेही, हे वाटाड्यासमोर बोलून घ्यावे.

मठ पर्यटकांना सकाळचे काही तासच खुला असतो. ती वेळ गाठायला काही गट सरळ मठाकडे उतरणाऱ्या सुमारे 3,000 पायऱ्यांनी खाली पळवतात. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी ठाम नकार देऊन उंटांच्याच वाटेने उतरावे. आणि सूर्योदयाचाच हट्ट कशाला? दुपारी निघून सूर्यास्त पाहिला तर चढ उजेडात होतो, गर्दीही कमी असते. मठ दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत पाहावा. फक्त तो शुक्रवार किंवा रविवार नसावा, त्या दिवशी मठ सहसा बंद असतो.

– काही गिरिभ्रमणप्रेमी, कोल्हापूर