वाईच्या वाड्याबद्दल, त्सुमागोहून

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

वाडा बिल्डरला द्यायचा की ठेवायचा, हा विषय फोनवर निघाला की आपण दोघंही तापतो, म्हणून लिहितेय.

काल नागिसो स्टेशनावर उतरून बसने इथे आलो. त्सुमागो हे जपानच्या किसो खोऱ्यातलं लहानसं गाव. एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, डोंगरातून क्योतोला जाणाऱ्या नाकासेन्दो वाटेवरच्या ६९ मुक्कामांपैकी ४२वा. आमची सराय त्याच वाटेवर आहे. दर्शनी बाजूला लाकडी गजांची जाळी, दारात जोडे काढून पायरी चढायची. मला तर आपल्या ओसरीवरच आल्यासारखं वाटलं.

मधल्या खोलीत जमिनीतच चौकोनी चूल आहे, तिला इरोरी म्हणतात. वर साखळीला किटली टांगलेली. तुळया काळ्याभोर. धुरामुळे लाकडाला कीड लागत नाही म्हणे. मला आजीचं स्वयंपाकघर आठवलं. चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या त्या तुळयांना अजून वाळवी नाही. ती लागली आपण कुलूप लावून ठेवलेल्या माडीला.

आज ओकुया नावाचं मोठं घर पाहिलं, १८७७ साली बांधलेलं, सगळं हिनोकीच्या, म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडाचं. त्याआधी सामान्य माणसाला हे झाड तोडायची बंदी होती. एक झाड तोडलं तर एक मुंडकं जाईल, इतका कडक नियम! मी तिथल्या खांबाला हात लावून बराच वेळ उभी होते.

आगगाडी आली, डोंगरातून चालत जाणारे संपले आणि गाव ओस पडत गेलं. १९६८मध्ये घरांची दुरुस्ती सुरू झाली. १९७१मध्ये गावकऱ्यांनीच ठरवलं: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. सरकारने जतनक्षेत्र म्हणून निवडलं ते नंतर, १९७६मध्ये. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी घरवाल्यांचं ठरलं.

तुझं म्हणणं चूक नाही, ओंकार. छप्पर गळतं, वाटेकरी पाच, आणि बिल्डर प्रत्येकाला फ्लॅट देतोय. इथेही सगळं सुखाचं नाही. भिंती कागदाच्या, बाबांचा खोकला शेजारच्या खोलीत ऐकू जातो, न्हाणीघराकडे जाताना बोळात थंडी वाजते. पण न्हाणीघर नवंकोरं आहे, कढत पाण्याचं लाकडी टाकं आहे आणि गावातल्या विजेच्या तारा घरांच्या मागून नेल्यात. बाबा त्या टाक्यातून बाहेर आले आणि म्हणाले, "आपल्या चौकाशेजारी दोन मोऱ्या नव्या बांधल्या तर पुढच्या चार खोल्यांत पाहुणे राहू शकतील." हे बाबा म्हणाले, मी नाही. गेल्या वर्षी विकून टाकू म्हणणारे बाबा!

उद्या याच वाटेवरच्या मागोमे या पुढच्या मुक्कामापर्यंत ८ किलोमीटर चालायचंय. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून वाटेत घंटा टांगल्यात, त्या वाजवत जायचं. बाबांना गोहेई मोची फार आवडली. भात कुटून, काडीला थापून, अक्रोड आणि मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनचं) वाटण लावून निखाऱ्यावर भाजतात. तुला नक्की आवडेल.

आम्ही येईपर्यंत कशावरही सही करू नकोस. मोहनकाकांनाही थांबायला सांग. तुझं ते ऐकतात. आणि या रविवारी वाईला जमलं तर माडीवरची कौलं तेवढी बसवून घे. पाणी पश्चिमेच्या भिंतीत मुरतंय. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे.

तुझी,
आई