‘काटक’ आणि ‘हुशार’

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर शालेय खो-खोच्या बातमीत एका मुलीबद्दल ‘उपजत चपळाई’ असे शब्द होते. त्यावरून हे पत्र.

माझा नातू अमेरिकन फुटबॉलचा वेडा. सुपर बोलला, म्हणजे तिथल्या अंतिम सामन्याला, सोमवारी पहाटे पाचला मलाही उठवतो. त्या खेळात डाव चालवणारा क्वार्टरबॅक म्हणजे संघाचं डोकं. काळ्या खेळाडूंना ती जागा कित्येक वर्षं मिळेना. ‘पळायला बरा’ म्हणून दुसरीकडे ढकलायचे. वॉरन मून असाच एक काळा क्वार्टरबॅक; 1978 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याला कुणी घेतलंच नाही. त्याने कॅनडात जाऊन तिथला ग्रे कप हा विजेतेपदाचा करंडक सलग पाच वेळा जिंकला. तसाच डग विल्यम्स; त्याने 1988 च्या सुपर बोलमध्ये सामन्याच्या एकाच पाव भागात चार टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, टाकले. तरी 2018 मध्ये लमार जॅक्सन या काळ्या क्वार्टरबॅकला जागा बदलायचा सल्ला मिळालाच! 2019 च्या हंगामात तोच एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला.

ऐकता ऐकता माझा चहा गार झाला. मी तीस वर्षं खो-खो शिकवला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या पोरांपुढे वहीत ‘काटक’ लिहायचो, डॉक्टर-वकिलांच्या पोरांपुढे ‘समज चांगली’. कर्णधार कुठल्या यादीतला, ते सांगायला नको. एक तेलुगूभाषक पोरगा म्हणाला होता, “सर, खो कधी द्यायचा ते मी पण बघूनच देतो की.” मी हसण्यावारी नेलं.

त्या बातमीतल्या पोरीने हुलकावणी कशी दिली, तेवढं पुढच्या वेळी छापा.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सोलापूर