दंडापलीकडचा अभिनय

महोदय,

मैदान सोडून पडद्यावर येणाऱ्या खेळाडूंना केवळ प्रसिद्धीमुळे आयती भूमिका मिळते, ही तक्रार अर्धीच खरी आहे. प्रवीणकुमार सोबती यांनी १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत थाळीफेकीचे सुवर्णपदक पटकावले. तरी बहुसंख्य प्रेक्षकांच्या लेखी ते दूरदर्शनवरील ‘महाभारता’तील भीमच राहिले. जलतरणात पाच ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या जॉनी वाइसमुलर यांना १९३२ पासून बारा चित्रपटांत टारझनच साकारावा लागला. संवाद मोजके आणि आरोळी मोठी! याउलट एरिक कॅन्टोना यांनी १९९७ मध्ये फुटबॉल सोडला आणि पुढच्याच वर्षी एका ऐतिहासिक चित्रपटात फ्रेंच राजदूत रंगवला, जिथे त्यांच्या पायांना काहीच काम नव्हते. तीच हालचाल पुन्हा पुन्हा तितक्याच नेमकेपणाने करणे खेळाडूला सरावाने जमते. प्रतिस्पर्ध्याला मनाचा थांग लागू न देण्याची सवय मात्र त्याला मोडावी लागते, कारण क्लोज-अपमध्ये नेमके तेच चेहऱ्यावर उमटायला हवे असते. तेव्हा निर्मात्यांनी खेळाडूची निवड करताना दंडाचा घेर पाहण्याआधी त्याच्याकडून एखादा प्रसंग वाचून घ्यावा, एवढीच अपेक्षा आहे.

– एक वाचक