बहात्तर

प्रिय दत्त्या,

आधी शिव्या घालून घे, मग वाच. २७ डिसेंबर २०१९ ला जोधपूरहून शेवटची मिग-२७ उडाली, त्याचा व्हिडिओ तू पाठवलास आणि मी साधा अंगठाही दाखवला नाही. पूर्ण बघवलाच नाही रे. बाकी तब्येत ठीक. गुडघे बोलतात, साखर काठावर.

पत्राचं कारण वेगळंच आहे. हसू नकोस.

आमच्या गावाबाहेर एका शाळेपुढे चौथऱ्यावर आपलं बहादूर, म्हणजे मिग-२७, उभं केलंय. परवा रविवारी स्कूटर लावून खाली जाऊन उभा राहिलो. रंगाचे एवढे थर चढवलेत की बोट फिरवलं तर रिव्हेट लागत नाही. इंजिनाला हवा घेणाऱ्या इनटेकमध्ये कबुतरांचा संसार. आपण तिथं एक वॉशर हरवला तर अर्धा दिवस पालथे पडून शोधायचो! तेवढ्यात सातवी-आठवीतलं एक पोरगं आलं. "काका, हे फायटर आहे का?" मग काय, सुटलोच. म्हटलं, बाळा, हे खाली बघून मारणारं. मिग-२३ चं रडार काढलं आणि पायलटला जमीन दिसावी म्हणून नाक असं उतरतं केलं, बदकासारखं. नाकात लेझरनं अंतर मोजायचं यंत्र, कॉकपिटच्या बाजूंना चिलखत, पोटाखाली सहा नळ्यांची ३० मिमीची तोफ. आणि बांधलं कुठं? आपल्या नाशिकच्या ओझरला. पोरगं खूश. "पंख हलायचे?" हलायचे की! तीन ठिकाणी. उतरताना १६ अंश, मग ४५, आणि...

आणि काही नाही. कोरं. पोरगं वाट बघतंय, मी पंखाकडे बघतोय. शेवटी घड्याळ बघून "उशीर झाला" म्हणालो आणि चक्क पळालो.

रात्री कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी ओरडलो, "बहात्तर!" शोभाच्या हातातली पळी पडली. बहात्तर, दत्त्या! दुष्काळाचं साल. तुझं जन्मसाल. "सोळा म्हणजे उतर, पंचेचाळीस म्हणजे फिर, बहात्तर म्हणजे पळ", हे तूच घोकून घेतलं होतंस ना?

अण्णांचं असंच सुरू झालं होतं. आधी तिसरा आकडा गेला, मग तिसरं पोरगं. शेवटच्या दिवाळीत त्यांनी तुलाच 'धाकट्या' म्हणून जवळ बसवलं होतं आणि मी तुम्हा दोघांना पाणी आणून देत होतो. तू त्या दिवशी "हो अण्णा" म्हणालास, त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. आज बोलतो. बरं केलंस.

आता रात्री पडल्या पडल्या स्वतःची उजळणी घेतो. करगिल सगळं आठवतं. २७ मे १९९९, बटालिक, आपल्या पायलट नचिकेताने मिग-२७ मधून ८० मिमीची रॉकेटं सोडली आणि इंजिन विझलं. त्याला शोधत थांबलेला पायलट आहुजा गेला. तू मेसमध्ये म्हणालास, एवढ्या उंचीवर हवा विरळ, रॉकेटचा धूर इंजिनानं गिळला असणार. मी म्हणालो, नाही, क्षेपणास्त्रच. चार दिवस अबोला. तुझंच खरं होतं, हे लेखी देतोय, फ्रेम करून लाव. पण त्या चार दिवसांत आपला अबोला कुणी मोडला, ते आठवत नाही. मी मोडला असेल असं वाटत नाही.

पिंकीचं लग्न ठरलं म्हणे? आनंद झाला. येतोच. वहिनींना नमस्कार. आंब्याची झाडं लावलीस ती जगली का?

फोन करू नकोस, शोभा ऐकते आणि तिला कुकरपलीकडचं काही सांगितलेलं नाही. असं कर, कागदावर दहा प्रश्न लिहून पाठव. ट्रेनिंगपासूनचे, अवघड. उत्तरं तुझ्याकडेच ठेव.

काल पुन्हा त्या शाळेवर गेलो. पोरगं नव्हतं. वॉचमनला म्हटलं, तो आला तर त्याला सांगा, बहात्तर. तो म्हणाला, "बहात्तर काय?"

तुझा,
बाळ्या